मांसावरची पांढरी बुरशी : कुठली तपासलेली, कुठली नुसतीच पांढरी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर्मनीत किंवा इटलीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाकडून एक फोटो हमखास येतो. दुकानातून आणलेली सलामी, तिच्यावर तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर आणि खाली प्रश्न : "बुरा आलाय, परत करू का?" बहुतेक वेळा परत करायची गरज नसते, हे एका ओळीत सांगता येतं. पण ही बुरशी चांगली आहे हे ठरवलं कुणी, आणि कशावरून, हे एका ओळीत बसत नाही. ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

मांसावर बुरशी मुद्दाम लावतात? कशासाठी?

हो, मुद्दाम. इटलीची सलामी, स्पेनमधल्या कॅटलोनियाचं फुएत, फ्रान्सचं सोसिसों, हंगेरीची हिवाळी सलामी, या सगळ्यांवर हा पांढरा थर असतो. यातला एकही पदार्थ शिजवलेला नसतो. कच्चं मांस, बहुतेक वेळा डुकराचं, बारीक करून त्यात मीठ, मिरी आणि थोडं नायट्राइट किंवा नायट्रेट घालतात आणि ते आतड्यात ठासून भरतात. पहिले काही दिवस उबेत लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू मांस आंबवतात. पीएच उतरतो, मांस घट्ट होतं. मग ते १० ते १५ अंशांच्या थंड, दमट खोलीत कित्येक आठवडे टांगून ठेवतात. वजन साधारण एक तृतीयांशाने घटलं की माल तयार.

म्हणजे काटेकोर बोलायचं तर आंबवण्याचं काम आतले जीवाणू करतात आणि बुरशी बाहेरून पहारा देते. ती प्राणवायू वापरून टाकते आणि उजेड अडवते, त्यामुळे चरबी खवट होत नाही. पाणी एकदम उडू देत नाही, नाहीतर बाहेरून कडक कवच धरतं आणि आतलं मांस ओलंच राहतं. आतलं आम्ल थोडं खाऊन चव सौम्य करते, प्रथिनं आणि चरबी फोडून वास आणते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागा अडवते. गाडीत रुमाल टाकून जागा धरतात तसंच. तिने जागा धरली की दुसऱ्या, नकोशा बुरशीला बसायला मिळत नाही.

आपल्याकडे सँडविचमध्ये घालतात तीच का ही सलामी?

नाही. भारतात पाकिटात मिळणारी चिकन सलामी शिजवलेली असते. ती आंबवलेली नसते आणि तिच्यावर बुरशी असणं अजिबात अपेक्षित नाही. तिच्यावर पांढरं, हिरवं, काहीही दिसलं तर सरळ कचऱ्यात.

ही "चांगली" बुरशी नेमकी कोणती?

मांसावर पेरायच्या बुरशीची जी विरजणं बाजारात मिळतात त्यांत मुख्यतः एकच नाव दिसतं, पेनिसिलियम नाल्जिओव्हेन्से. नाव अवघड वाटलं तरी त्याची गोष्ट साधी आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, नाल्झोव्ही नावाचं गाव आहे. तिथल्या चीजवर ही बुरशी सापडली आणि १९३२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. गावाच्या नावावरून तिला नाव मिळालं.

चीजवरून ती सॉसेजवर आली कुल्मबाखमध्ये. बव्हेरियातलं हे गाव बिअरसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे जर्मनीची मांस-संशोधन संस्थाही होती. तोवर सलामीवर काय उगवेल हे त्या खोलीच्या हवेवर सोडलेलं असे. त्या हवेतल्या बऱ्याच बुरश्या विष तयार करू शकतात हे लक्षात आल्यावर तिथल्या मिंट्सलाफ आणि लोथार लाइस्टनर या संशोधकांनी उलट दिशेने विचार केला : दिसायला चांगली, कामाला चांगली आणि विषाच्या दृष्टीने निर्धोक अशी एक जात (म्हणजे एका प्रजातीतला ठरावीक वाण) निवडून तीच मुद्दाम पेरायची. १९७२ मध्ये त्यांनी नाल्जिओव्हेन्सेची अशी जात मांडली. मांसावरच्या बुरशीची सुरक्षितता तपासून मगच ती वापरण्याचा रिवाज खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला असं मला वाटतं.

अलीकडे, २०१५ मध्ये, इटलीतल्या सलामीवरून पेनिसिलियम सलामी नावाची वेगळी प्रजाती ओळखली गेली. तीही ऑक्रॅटॉक्सिन हे विष (त्याबद्दल पुढे) करत नाही. हो, प्रजातीचं नावच "सलामी". शास्त्रज्ञांनाही कधीकधी भूक लागत असावी.

मग भीती कशाची आहे?

मुख्य भीती एका विषाची, ऑक्रॅटॉक्सिन ए. १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ते अ‍ॅस्परजिलस ऑक्रेशियस या बुरशीत सापडलं आणि तिच्या नावावरून ओळखलं जाऊ लागलं. ते मूत्रपिंडावर घाव घालतं. डेन्मार्कमध्ये डुकरांना होणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचा माग काढताना हे नीट कळलं, बुरसटलेलं धान्य खाल्लेल्या डुकरांमध्ये तो आजार होत होता. माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या २-बी गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये ते टाकलं. शिजवून ते नीट नष्ट होत नाही. आणि माणसाच्या रक्तात ते रेंगाळतं, निम्मं व्हायलाच सुमारे पस्तीस दिवस लागतात. म्हणून रोज थोडंथोडं खाणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो.

मांसाच्या खोलीत हे विष करणारी मुख्य बुरशी म्हणजे पेनिसिलियम नॉर्डिकम. हिची चुलत बहीण व्हेरुकोसम धान्यावर राहते, नॉर्डिकमला मात्र मीठ, प्रथिनं आणि गारवा आवडतो. थोडक्यात, सलामीची खोली तिच्यासाठी माहेरच. जर्मन अभ्यासकांनी एक गमतीशीर कारण मांडलं आहे. ऑक्रॅटॉक्सिनच्या रेणूत क्लोरीन असतो, तेव्हा खारट जागी जास्तीचं क्लोराइड बाहेर टाकायला ही बुरशी विषाचा मार्ग वापरत असावी. म्हणजे तिच्या लेखी तो केर, आपल्या लेखी विष. उबदार भागातल्या खोल्यांत अ‍ॅस्परजिलस वेस्टरडायकी हेच काम करते.

बाकीचेही आहेत. पेनिसिलियम कम्यून सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष करते, अ‍ॅस्परजिलस व्हर्सिकलर स्टेरिग्मॅटोसिस्टिन हे दुसरं. पण तपासणीचा पैसा आणि वेळ ज्याच्यावर खर्च होतो ते ऑक्रॅटॉक्सिनच, आणि ते योग्यच आहे.

पांढरी म्हणजे चांगली, हिरवी-काळी म्हणजे वाईट. हे खरं ना?

हा नियम जितका लोकप्रिय तितकाच धोकादायक. पेनिसिलियमची जवळजवळ प्रत्येक वसाहत बाळपणी पांढरीच असते. बीजाणू धरले की रंग येतो. नॉर्डिकमही आधी पांढरी दिसते, मग राखाडी-हिरवट होते आणि कडेला पांढरी राहते. उलट नाल्जिओव्हेन्सेच्या वन्य जाती निळसर-हिरव्याही असतात. विरजणात पांढऱ्या दिसतात त्या निवडून घेतलेल्या, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. आणि ब्री-कामांबेअर चीजवरची मखमली पांढरी बुरशी, पेनिसिलियम कामांबेर्टी, तिचाच विचार करा. दिसायला तिच्याइतकी सोज्ज्वळ दुसरी नाही, पण सायक्लोपियाझोनिक आम्ल करण्याची क्षमता तिच्यात आहे.

रंगाचा उपयोग एकाच दिशेने होतो. काळे डाग, गर्द हिरवे किंवा पिवळे ठिपके दिसले की "इथे परकं कुणीतरी आलंय" एवढं कळतं. पांढऱ्यावरून मात्र काहीच कळत नाही.

एखादी बुरशी विरजण म्हणून वापरण्याआधी नेमकं काय काय तपासतात?

इथे थोडा वेळ थांबू, कारण खरा मुद्दा हाच.

सगळ्यात आधी ओळख. "पेनिसिलियम आहे" एवढं सांगणं म्हणजे "आडनाव कुलकर्णी आहे" असं सांगण्यासारखं. पेट्री डिशमध्ये वेगवेगळ्या माध्यमांवर ती २५ अंशांना सात दिवस वाढवतात आणि वसाहतीचा आकार, वरचा रंग, उलट्या बाजूचा रंग, घाम सुटल्यासारखे थेंब आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा झाडू, हे सगळं बघतात. व्हेरुकोसम आणि नॉर्डिकम यांतला फरक, उदाहरणार्थ, साखर आणि ग्लिसरॉल घातलेल्या एका माध्यमावर उलट्या बाजूने दिसतो. पहिलीची पाठ विटकरी, दुसरीची फिकट. पण डोळ्यांवर सगळं सोडत नाहीत. डीएनए वाचतात. बुरशी ओळखायला जगभर जो तुकडा वाचला जातो, आयटीएस, तो पेनिसिलियमच्या जवळच्या भावंडांत पुरेसा फरक दाखवत नाही. म्हणून सोबत बीटा-ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक वाचतात. फक्त आयटीएसवर ओळख पटवलेला अहवाल कुणी तुमच्यासमोर ठेवला तर पुढचं पान उलटण्याआधी तो परत पाठवा.

मग विष. यीस्टचा अर्क आणि भरपूर साखर असलेल्या माध्यमावर बुरशीला मुद्दाम मोकाट सोडतात, कारण तिथे ती तिच्या पोतडीतलं सगळं बाहेर काढते. १९८० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये फिल्टेनबोर्ग आणि फ्रिस्वाद यांनी एक सुटसुटीत युक्ती काढली. वसाहतीतून आगरचा, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीचा, छोटा तुकडा कापायचा आणि तो थेट क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या, पट्टीवर टेकवायचा. विष असेल तर अतिनील प्रकाशात ठिपका चमकतो. आज याच्या जागी एचपीएलसी आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही रसायनं वेगळी करून नेमकी मोजणारी यंत्रं आली आहेत आणि एकाच वेळी कित्येक विषं शोधता येतात. पण आधी साध्या चाळणीने चाळायचं, मग महागडं यंत्र लावायचं, हा क्रम बदललेला नाही.

आणि मग, ज्याला अनेकदा फाटा मिळतो, ते म्हणजे मांसावरची चाचणी. साखरेवर गप्प बसलेली बुरशी मांसावर तशीच वागेल याची खात्री नाही, आणि उलटही होतं. म्हणून मांसाचा अर्क, मीठ आणि चरबी घालून सॉसेजसारखं माध्यम करतात किंवा थेट सॉसेजवर बुरशी पेरतात. ते २५ नाही तर १२-१५ अंशांना, जेवढे आठवडे खरा माल टांगतात तेवढे आठवडे ठेवतात. मग आवरण वेगळं, बाहेरचे काही मिलिमीटर वेगळे, मधला भाग वेगळा असं कापून प्रत्येकात विष मोजतात. स्वस्तात उरकलेल्या तपासणीत पहिल्यांदा कात्री लागते ती इथेच. माझ्या मते ही पायरी वगळून दिलेलं "सुरक्षित" हे प्रमाणपत्र अर्धवट असतं.

यानंतर : ३७ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाला ती वाढते का? वाढत असेल तर शंका घ्यायची. प्रतिजैविक करते का? (पुढे बघा.) आणि नॉर्डिकमसोबत एकाच सॉसेजवर सोडली तर कोण जिंकतं? निरुपद्रवी पण मवाळ बुरशी विरजण म्हणून कुचकामी. जागा धरायला आली होती, ती जागाच सोडून देते.

पेनिसिलिनचं काय? पेनिसिलियम म्हटलं की तेच आठवतं.

बरोबर आठवतं. नाल्जिओव्हेन्से ही पेनिसिलिन करणाऱ्या क्रायसोजेनमची जवळची नातेवाईक आहे आणि तिच्या बऱ्याच जाती पेनिसिलिन करतात. १९९४ मध्ये विरजणाच्या जातींतही हे आढळलं. १९९९ मध्ये स्पेनमधल्या लेओनच्या अभ्यासकांनी सॉसेजवरून मिळवलेल्या नाल्जिओव्हेन्सेत पेनिसिलिन बनवणारा अख्खा जनुकसमूह दाखवला.

यात दोन त्रास. ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांना धोका, आणि अन्नातून प्रतिजैविकाची मात्रा गेल्याने जीवाणूंना सरावाची संधी. शिवाय सॉसेजच्या आतले लॅक्टिक जीवाणूही त्याने मरू शकतात, म्हणजे आपल्याच विरजणाने आपलंच विरजण मारायचं. युरोपात जनावरांच्या औषधामुळे मांसात उरणाऱ्या पेनिसिलिनला किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. इथे तर आपणच बाहेरून कारखाना चिकटवतोय.

तपासणी मात्र शाळेतल्या प्रयोगाइतकी सोपी आहे. पेनिसिलिनला लगेच बळी पडणारा जीवाणू आगरवर पसरवायचा आणि बुरशीचा तुकडा मध्ये ठेवायचा. भोवती जीवाणू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर दुसऱ्या डिशमध्ये पेनिसिलिनेझ हे विकर घालून पुन्हा बघायचं. वर्तुळ नाहीसं झालं तर ते पेनिसिलिनच होतं. मग पेनिसिलिन न करणारी किंवा जनुकाच्या पातळीवर ते बंद केलेली जात शोधतात.

आता पूर्ण जनुकसंच वाचता येतो. मग बाकीच्या चाचण्या कशाला?

जनुकसंचावरून "काय करू शकते" ते कळतं. "काय करते" ते मांसावर कळतं. ऑक्रॅटॉक्सिनचा जनुकसमूह मुळातच नसेल तर तो निकाल भक्कम, आणि नॉर्डिकमला ओळखायला तिचं खास जनुक शोधणारी पीसीआर चाचणी आता चांगली जम बसवून आहे. मालाच्या आवरणावरून बोळा फिरवायचा आणि एका दिवसात उत्तर. पण जनुकं असून झोपलेली असतात, अर्धवट तुटलेली असतात, थंडीत जागी होतात. आणि कोणतं जनुक कोणतं रसायन करतं हे माहीत नसलेले समूह प्रत्येक पेनिसिलियममध्ये अजून भरपूर आहेत.

उंदरांवर प्रयोग करत नाहीत?

पूर्वी जास्त होत. कोंबडीच्या अंड्यातला गर्भ, खाऱ्या पाण्यातले आर्टेमिया नावाचे बारीक कोळंबीसारखे जीव, उंदीर, यांच्यावर बुरशीचा अर्क देऊन बघत. आता रसायनं नेमकी मोजता येतात आणि पेशींवर चाचण्या होतात, त्यामुळे प्राण्यांचा वापर घटला आहे. जुनी पद्धत एका बाबतीत मात्र शहाणी होती. आपल्याला नाव माहीत नसलेलं विषही उंदराला कळतं.

"आमच्या खोलीत आजोबांच्या काळापासून हीच बुरशी आहे, कुणाला काही झालं नाही." यात काय चुकीचं?

चुकीचं काही नाही, फक्त ते पुरावा म्हणून कमी पडतं. ऑक्रॅटॉक्सिनने संध्याकाळी पोटात कळ येत नाही. ते हळूहळू साठतं आणि त्याचा परिणाम एखाद्या सलामीशी जोडणं शक्य होत नाही. शिवाय "हीच बुरशी" हे कशावरून? जुन्या खोल्यांत दहा-बारा प्रजातींची वस्ती असते आणि ऋतू, ओल, मीठ यांप्रमाणे त्यातलं पारडं वरखाली होतं. जुन्या खोल्यांची चव अप्रतिम असते यात वाद नाही, ती विरजणाच्या पाकिटातून येत नाही. म्हणून समजूतदार कारागीर मधला मार्ग काढतात. स्वतःच्याच खोलीतली बुरशी प्रयोगशाळेत नेतात, वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षांतून काढतात आणि पास झालेली तीच जात परत खोलीत पेरतात.

आपण दह्याचं विरजण शेजारून वाटीभर आणतो आणि ते चालतं, कारण आंबट दुधात टिकणारे जीवाणू मुळातच आपल्या बाजूचे. बुरशीच्या जगात शेजार इतका भरवशाचा नसतो.

तयार माल कसा तपासतात?

नमुना घेण्यातच निम्मं कौशल्य आहे. बुरशी ठिपक्याठिपक्याने वाढते, त्यामुळे एका सलामीच्या एका टोकाला विष आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही असं होतं. म्हणून एकाच खोलीतल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या, वेगवेगळ्या उंचीच्या सलाम्या घेतात. मांसातून विष काढून ते प्रतिपिंड लावलेल्या स्तंभातून गाळतात. ऑक्रॅटॉक्सिन तिथेच अडकतं, बाकीचं वाहून जातं. मग ते सोडवून एचपीएलसीवर चमकीने मोजतात. ऑक्रॅटॉक्सिन अतिनील प्रकाशात निळसर चमकतं, हा आपल्याला मिळालेला आयता फायदा.

विष मांसात दुसऱ्या दारानेही येतं हे विसरू नका. डुकराने बुरसटलेलं धान्य खाल्लं असेल तर रक्त, मूत्रपिंड, यकृत यांत ते आधीच असतं. म्हणून सलामीच्या गाभ्यात विष सापडलं तर बुरशीच्या खोलीआधी खाद्याच्या गोदामात डोकावतात.

वरची बुरशी पुसून किंवा साल काढून टाकली तर झालं का?

बऱ्याच अंशी. बुरशीचं विष बहुतेक आवरणात आणि लगतच्या थरात असतं. ब्रशने झाडून, धुऊन ते कमी होतं हे इटलीतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. पण आवरण फाटलेलं किंवा तडकलेलं असेल तर बुरशी आत शिरते. साल काढून खाण्याची सवय चांगली, पण ती तपासणीची जागा घेत नाही.

कायदा काय म्हणतो?

इटली सगळ्यात स्पष्ट बोलते. १९९९ च्या एका परिपत्रकाने तिथल्या आरोग्य मंत्रालयाने डुकराचं मांस आणि त्याचे पदार्थ यांत ऑक्रॅटॉक्सिन ए साठी किलोमागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. म्हणजे एक हजार किलो सलामीत एक मिलिग्रॅम. संपूर्ण युरोपीय संघासाठी धान्य, कॉफी, बेदाणे वगैरेंच्या मर्यादा आहेत, मांसाची नाही. गंमत म्हणजे २०२० मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्रॅटॉक्सिनचा पुन्हा आढावा घेतला तेव्हा दीर्घकाळच्या सेवनात मोठा वाटा असलेल्या पदार्थांत टिकवलेलं मांस आणि चीज यांची नावं धान्याच्या बरोबरीने आली.

त्याच प्राधिकरणाची "आधीच सुरक्षित मानलेल्या" सूक्ष्मजीवांची एक यादी आहे. दह्याचे जीवाणू, बेकरीचं यीस्ट त्यात आहेत. तंतुमय बुरश्या या यादीच्या विचारातूनच वगळल्या आहेत. त्यांच्या बाबतीत प्रजातीचं चांगलं नाव पुरत नाही, प्रत्येक जातीने आपली परीक्षा स्वतः द्यायची. मला हा निर्णय पटतो.

भारतात गहू, बार्ली आणि राय यांसाठी किलोमागे २० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे.

बुरशी झाडणाऱ्या कामगारांचं काय?

हा प्रश्न कमी विचारला जातो, आणि विचारायला हवा. तयार सलामीवरची जास्तीची बुरशी ब्रशने झाडतात तेव्हा बीजाणूंचा ढग उठतो. वर्षानुवर्षं तो श्वासात गेला तर फुप्फुसांना अ‍ॅलर्जीचा दाह होतो : खोकला, ताप, दम लागणं. वैद्यकीय साहित्यात याला सलामी झाडणाऱ्यांचा आजार असं नावच आहे. इथे बुरशी विषारी असायची गरज नाही, तपासलेली "चांगली" बुरशीही हे करते. उपाय म्हणजे हवा खेचणारी व्यवस्था आणि खरा मुखपट्टा, तोंडाला बांधलेला रुमाल नाही.

गोव्याच्या चोरिसावर पांढरं आलं तर? तीही चांगली बुरशी समजायची?

नाही, आणि कारण समजून घ्या. चोरीस हा वेगळ्याच विचाराचा पदार्थ आहे. डुकराच्या मांसाचे तुकडे, मीठ, भरपूर मिरची, लसूण आणि माडाचं व्हिनेगर. मग माळा करून उन्हात वाळवायच्या किंवा धुरावर धरायच्या. आम्ल, मीठ, धूर आणि शेवटी शिजवणं, हे त्याचे पहारेकरी. या सगळ्यात बुरशीला कामच दिलेलं नाही. पावसाळ्याच्या पुरुमेंतात (साठवणीत) भरून ठेवलेल्या माळेवर जुलै-ऑगस्टमध्ये पांढरं आलं तर ते हवेतल्या ओलीने आलेलं, न बोलावलेलं. कोकणात आषाढात सुक्या बोंबलांवर येतं तेच. व्हिनेगरने पुसून, पुन्हा उन्हात ठेवून वापरणारे पुष्कळ आहेत, वर्षानुवर्षं करतात. मी ठिपके दिसले तर ती गाठ कापून टाकते, लव पसरली असेल तर माळच टाकते. जीव तुटतो, पण शिजवल्याने ऑक्रॅटॉक्सिन जात नाही हे माहीत झाल्यावर हात धजत नाही.

घरी सलामी करायची आहे. दुकानातल्या सलामीची बुरशी खरवडून लावली तर?

करू नका. खरवडलेल्यात तपासलेल्या बुरशीसोबत तुमच्या फ्रिजमधले, पाटावरचे, हातावरचे सगळे पाहुणे येतात. विरजणाची पुडी विकत मिळते, त्यातले बीजाणू पाण्यात कालवून आवरणावर फवारतात किंवा त्यात माल बुडवतात. शिवाय घरच्या सलामीत बुरशी हा धोक्याच्या यादीत पहिला नाहीच. पहिला बोटुलिझम, म्हणजे जीवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा. हे नाव लॅटिनमधल्या "बोटुलस" म्हणजे सॉसेज यावरून पडलं आहे. १८२० च्या दशकात जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचे डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी सॉसेज खाऊन दगावलेल्यांच्या नोंदी केल्या होत्या. नायट्राइटचं मोजमाप, पीएच मीटर आणि तापमान-आर्द्रतेवर ताबा नसेल तर मुंबई-पुण्याच्या हवेत हा उद्योग नकोच.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, किंवा गरोदर आहे. खाऊ का?

अ‍ॅलर्जी गंभीर असेल तर आवरण काढून खाणंही डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात न शिजवलेली सलामी टाळा, पण ते बुरशीमुळे नाही, लिस्टेरिया आणि टॉक्सोप्लाझ्मा या जंतूंमुळे.

फोटो पाठवला तर सांगाल का, चांगली आहे की नाही?

फोटोवरून मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. त्यापेक्षा वेष्टनामागच्या बारीक अक्षरांचा फोटो पाठवा. जर्मनीत "एडेलशिमेल" किंवा "राइफेकुल्टुरेन" असं लिहिलेलं असतं, म्हणजे बुरशी किंवा विरजण मुद्दाम घातलेलं आहे. तसं असेल, थर सारखा आणि कोरडा असेल, वास आळंबीसारखा असेल तर साल काढा आणि खा. हिरवे-काळे ठिपके, चिकटपणा किंवा अमोनियाचा भपकारा असेल, तर मात्र दुकानदाराकडे परत न्या.